कन्हानच्या पुलापर्यंत

मामाची फटफटी लष्कराच्या मोडीतून आलेली. युद्ध संपल्यावर कामठीच्या छावणीत अशा पुष्कळ गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक त्याने घेतली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होता आणि आमच्याकडेच, सिव्हिल लाइन्सच्या क्वार्टरात राहायचा. संध्याकाळी धुळीने माखून परत यायचा आणि चहा पिता पिता कन्हान नदीच्या पुलावर आज कसा वारा होता ते सांगायचा. पूल लागला की हवा बदलते, खालून ओल्या वाळूचा वास येतो आणि गाडीचा आवाज एकदम मोकळा होतो, असं त्याचं म्हणणं.

मी शाळेत गेले ती पडदा लावलेल्या टांग्यातून. मेमसाहेबांच्या शाळेत इंग्रजी चांगलं झालं, पण शहर पाहिलं ते पडद्याच्या फटीतून. त्या पुलावर आपण आपल्या हाताने गाडी न्यावी असं मला फार वाटे. ते तोंडातून काढायला सबंध पावसाळा गेला.

"मामा, ही चालवायला जड असते का?"

"काहून वं, शिकाची आहे का?"

मी काही बोलले नाही. मी गप्प राहिले की हो समजायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"शिक. नीट आली की कन्हानच्या पुलापर्यंत तू ने. मी मागं बसतो, नवरदेवासारखा."

पहिल्याच सकाळी अडलं. मी शाळा सुटल्यापासून पाचवारी गोल पातळ नेसायची. ते नेसून किक मारायला पाय उचलला की निऱ्या आडव्या येत. मामा म्हणाला, "असं नाही जमत. ताईले विचार, ते कसं नेसते."

आईला नऊवारी नेसवून दे म्हणताना माझे कान तापले. दोन वर्षांपूर्वी मीच तिला म्हटलं होतं, की कासोटा आता कोणी घालत नाही. तिने पेटीतून एक उमरेडचं, धुवून मऊ झालेलं लुगडं काढलं.

"फ्रॉक घालाले शाळेत धाडलं, अन् आता कासोटा पाहिजे बाईले," ती म्हणाली. पण नेसवताना काष्टा तिने दोनदा ओढून पाहिला. "सुटला तर रस्त्यात अब्रू जाईन. पोट आत घे."

तेलंगखेडीच्या तलावामागे मोकळं माळरान होतं. तिथे मी शिकले. गाडी सुरू व्हायला किक मारावी लागे आणि ती उलटली तर घोट्यावर असा तडाखा देई की डोळ्यांत पाणी येई. क्लच सोडला की गाडी मला घेऊन उडी मारायची आणि बंद पडायची. मामा दगडावर बसून बिडी ओढत म्हणे, "हळू सोड. ते बेडूक नाही."

तलावावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत.

"बाई हाये का बुवा वं तो?"

"बाईच. पाह्य नं, आपल्यावानी लुगडं नेसली."

"नवऱ्यानं टाकली असन."

त्या हसल्या. मी मान खाली घालून गाडी वळवली आणि ध्यानात आलं, की वळवताना पहिल्यांदाच पाय टेकला नाही.

थंडी सरता सरता मला गिअर न बघता टाकता येऊ लागले. मामाने होळीनंतरचा एक रविवार पुलासाठी ठरवला. त्याच आठवड्यात त्याची जबलपूरला बदली झाली. गाडी रेल्वेने जाणार होती. टाकी रिकामी असल्याशिवाय गाडी बुक होत नसे, म्हणून त्याने पेट्रोल भरलं नाही. रेशनच्या पेट्रोलचं कूपन तर उरलंच नव्हतं. त्याने निंबाची काडी टाकीत बुडवून पाहिली. टोक जेमतेम ओलं झालं.

"स्टेशनापुरतं आहे," तो म्हणाला. "तूच ने."

मला रस्त्यावर गाडी मिळाली ती अशी. सकाळची वेळ, झाडांखालून जाणारा रस्ता, मागे मामा. माळरानावर आवाज विरून जायचा, इथे तो बंगल्यांच्या भिंतींवरून माझ्याकडे परत येत होता. कस्तुरचंद पार्कापाशी रस्ता फुटतो. सरळ स्टेशन, डावीकडे सदरवरून कामठीचा रस्ता, तोच पुढे कन्हानच्या पुलावर जातो. तिथे मी गाडी हळू केली. एक बैलगाडी कामठीकडे वळली. तिच्यामागचा रस्ता मोकळा दिसत होता.

"काहून थांबून राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं आणि सरळ गेले.

पार्सल ऑफिसच्या बाबूने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मामाला म्हणाला, "टाकी खाली करा, मग बिल्टी फाडतो." मामाने नळी काढून डबा लावला. थोडंसं पेट्रोल आलं आणि थांबलं. बाबू म्हणाला, "आडवी करा जरा, पलीकडचं राहते." टाकीच्या आत, बुडाशी मधोमध उंचवटा असतो. काडी बुडाली होती ती एका बाजूला. आम्ही दोघांनी गाडी कलती केली. पलीकडचं पेट्रोल उतरू लागलं. डबा भरत आला तरी धार चालूच होती.

मामा डब्याकडे पाहत राहिला.

"पुलापर्यंत पोचलो असतो वं," तो म्हणाला. मग डबा धारेखाली नीट सरकवत, "वापस येणं झालं नसतं."

परत यायचं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी गाडी दोन्ही हातांनी तशीच कलती धरून ठेवली, धार संपेपर्यंत.