मंजूच्या मुलाखतीला बसलेले शिवमूर्ती अप्पा

पडदा वर जातो. लातुरात मार्केट यार्डामागच्या एका घराची बैठकीची खोली. वेळ दिवेलागणीची. सोफ्यावर नवी खोळ, टीपॉयवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या शेजारी झाकून ठेवलेली पोह्यांची बशी. आतल्या दाराच्या पडद्याखाली जोडवी घातलेली दोन पावलं दिसतात. ती घरधनीण अंबिकाबाईंची. सोफ्याच्या मधोमध परीटघडीचा पांढरा शर्ट घालून, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून बसलेत शिवमूर्ती अप्पा. आणि त्यांच्या शेजारी, उरलेल्या जागेत अंग चोरून, त्यांची लेक मंजुश्री. मुलाखत खरी तिची होती.

कॅनडातल्या एका नावाजलेल्या विद्यापीठातली बाई आता लॅपटॉपवर येणार होती. मंजूला बघणार होती, चार प्रश्न विचारणार होती. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. आता मुलीला कोणी बघायला येणार म्हटल्यावर लातुरातल्या घरात काय करतात, हे का सांगायला हवं? सोफ्याची खोळ बदलतात, पोहे टाकतात, आणि मुलीचा बाप शेजारी बसून मुलीबद्दल बोलतो. या घरानं तेवढंच केलं होतं. त्यात कोणाचं काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं. मंजूला थोडं वाटलं होतं, पण ती बोलली नाही. त्या घरात बोलायचं काम अप्पांचं असे.

आणि काय आवाज होता त्या माणसाचा! चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या नाटक कंपनीच्या दृष्टीस पडले असते, तर माइकचं भाडं वाचलं म्हणून मालकानं त्यांना तिथंच ठेवून घेतलं असतं. पण वडिलांची आडत होती, तिथं तो आवाज लागला. आडत्याचं कामच असं की शेतकऱ्याच्या वतीनं खरेदीदाराशी बोलायचं आणि खरेदीदाराच्या वतीनं शेतकऱ्याशी. दोन्हीकडच्या माणसांची तोंडं बंद आणि अप्पांचं चालू. सोयाबीनचा ढीग असो की तुरीचा, सौद्याला अप्पा उभे राहिले की चार दुकानांपलीकडचा हमाल आभाळाकडे बघत म्हणे, ‘आलं अप्पाचं इमान.’

ही सवय घरी आली नसती तरच नवल. पोट मंजूचं दुखायचं आणि कळा अप्पा सांगायचे. एकदा डॉक्टरच हात जोडून म्हणाले, “अप्पा, जीभ तरी तिला दाखवू द्या.” शाळेत बाईंनी नाव विचारलं तर अप्पांनी नाव, आडनाव, गाव, गोत्र सगळं सांगून टाकलं. प्रेम होतं हो ते. माणूस ज्याच्यावर जीव लावतो त्याचं ओझं उचलतो. अप्पा बोलण्याचं ओझं उचलत.

पण एक गोष्ट मंजूनं स्वतः ठरवली होती. दहावीला इतके चांगले मार्क पडून तिनं सायन्स घेतलं नाही. लातुरात हा केवढा मोठा प्रसंग! जिथं चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फलक, तिथं या पोरीनं कॉमर्स घेतलं. शेजारच्या दुकानातले मलप्पा तर सांत्वनालाच आले.

“अप्पा, मार्क कमी पडले का हो पोरीला?”

“न्हाई, लई पडले.”

“मग असं का केलं बिचारीनं?”

तिला बाजार समजून घ्यायचा होता. सुट्टीत दुकानात बसली की ती विचारायची, भाव पडलाय हे दिसत असून माणसं आजच का विकतात? अप्पा म्हणायचे, “घरी लग्न असतंय, बाळ.” ती म्हणायची, “दरसाल समद्यांच्याच घरी?” अशा वेळी अप्पा मोठ्यानं चहा मागवायचे. बारावी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, मला बाहेरच्या देशात बिझनेस शिकायचंय, पदवीपासून. अप्पा रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी म्हणाले, “जायचं तर चांगल्या ठिकाणी जायचं.” भाऊबंदांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, खर्चाची सोय केली, आणि नांदेडला दयानंद सरांकडे तिला घेऊन गेले.

दयानंद सर मूळ हदगावचे. नांदेडला एका खोलीत बसून परदेशी जाणाऱ्या पोरांना मार्गदर्शन करायचे. भिंतीवर जगाचा नकाशा आणि बाहेर चपलांचा ढीग, एवढीच सजावट. अहमदपूर, लोहा करत बापलेक पोचले तेव्हा दुपार झाली होती. अप्पांनी खुर्ची ओढून थेट भाव विचारला.

“सर, चान्स किती हाय? शंभर टक्के ना?”

“अप्पा, शंभर टक्के म्हणणारे लई मिळतील. मी खरं सांगून राहिलो, ही अवघड वाट हाय. बाहेरच्या देशातल्या पोरांना जागा मोजक्या. नव्वदच्या वर मार्क पाहिजेत, पण त्यानं नुसतं दार उघडतंय. आत गेलं की समदे नव्वदवालेच बसलेले. मग ते बघतात, पोरगं विचार कसा करतंय, बोलतंय कसं.”

“बोलायची काळजी नको,” अप्पा म्हणाले. “बोलायला मी हाव की.”

सर हसले. त्यांना वाटलं, अप्पा विनोद करतायत. त्यांनी तीन विद्यापीठं सुचवली: एक फार अवघड, एक मधलं, एक जवळपास नक्की मिळणारं. अप्पांना हे लगेच पटलं. “म्हंजे समदं सोयाबीन एकाच मोंढ्यावर न्यायचं न्हाई.” परतीच्या वाटेवर मात्र मंजू खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, “मला ते अवघडवालंच पाहिजे, अप्पा.” तेव्हापासून अप्पांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मुलाखतही त्या अवघडवाल्यांनीच ठेवली होती.

तर मुलाखत सुरू झाली. पिकल्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई लॅपटॉपवर आली. अप्पा उभे राहून नमस्कार करते झाले. त्यामुळे पलीकडे बाईंना फक्त एक पांढरा शर्ट आणि दोन जोडलेले हात दिसले. अप्पा बसले. बाईंनी मंजूला म्हटलं, तुझ्याबद्दल काही सांग.

“मॅडम,” अप्पांनी सुरुवात केली, “माय डॉटर व्हेरी क्वाएट. ऑलवेज फर्स्ट. कुकिंग आल्सो.”

“पुरणपोळी सांगा की,” पडद्याआडून अंबिकाबाई कुजबुजल्या.

बाई हसून सावकाश म्हणाल्या, तुमची ओळख झाली, आनंद वाटला, पण आता मला मंजुश्रीकडून ऐकायचंय. अप्पांनी मान डोलावली आणि जागचे हलले नाहीत. पुढचा प्रश्न आला: हाच विषय का शिकायचाय? मंजू गप्प राहिली.

रंगभूमीवर हे दुखणं फार जुनं. नट वाक्य विसरलेला नसतो, नुसता थांबलेला असतो. त्या थांबण्यात नाटक उभं असतं. पण विंगेतल्या प्रॉम्प्टरचा धीर सुटतो आणि तो पिटापर्यंत ऐकू जाईल असं वाक्य टाकतो. अप्पांचा धीर सुटला.

“बिकॉज शॉप, मॅडम! अवर ओन शॉप!”

बाईंनी खाली बघून काहीतरी लिहून घेतलं. मंजूचे कान लाल झाले. ती वडिलांकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, “अप्पा, तुम्ही बाहेर थांबा.”

“आँ?”

“आईला पण न्या. आणि दार ओढून घ्या.”

त्या घरात अप्पांना असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. ते उठले. जाताना का कोण जाणे, पोह्यांची बशी उचलून घेऊन गेले. दार लागलं. दोघं नवराबायको पायरीवर बसली.

“खाऊ नका ते. पाव्हण्यांचं हाय,” अंबिकाबाई म्हणाल्या.

“ती बाई काय काचेतून हात घालणार हाय?” अप्पा म्हणाले, पण बशी त्यांनी तशीच झाकून ठेवली.

दाराआडून मंजूचा आवाज येत होता. आधी अडखळत, मग सरळ, मग असा भरभर की अप्पांना एकेक शब्द निराळा करता येईना. इतका वेळ सलग बोलताना त्यांनी तिला कधी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कधी? मधेच त्या इंग्रजीत “अप्पा” हा शब्द आला आणि पाठोपाठ दोघींचं हसणं. अप्पांनी बायकोकडे पाहिलं.

“मला हसल्या का गं?”

“हसू द्या. रडण्यापेक्षा बरं.”

मंजू बाहेर आली ती मोकळ्या चेहऱ्यानं. गार झालेले पोहे तिनंच खाल्ले. “त्यांनी इचारलं, तुमच्या घरात ठरवतं कोण,” ती म्हणाली. “मी म्हणले, समदं अप्पा ठरवतात. आज पहिल्यांदा मी ठरवलं, त्यांना बाहेर बसवायचं.” अंबिकाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. अप्पाही हसले. मग त्यांनी मोठ्या उत्साहात नांदेडला फोन लावला.

सगळं ऐकून दयानंद सरांनी पुन्हा विचारलं.

“अप्पा, तुम्ही आत बसला होता?”

“सुरुवातीला. मग निघालो.”

“मुलाखतीत दुसरं माणूस चालत न्हाई हो. तिच्या वतीनं कोणी बोललं की त्यांना शंका येते, पोरीचं स्वतःचं काय हाय मग. नुकसान होऊ शकतंय.”

“किती?”

“ते मला सांगता यायचं न्हाई.”

पुढचे काही आठवडे मार्केट यार्डाला चुकल्या चुकल्यासारखं झालं. अप्पा सौद्याला उभे राहत, पण भाव पुकारायला मुनीम. मलप्पांनी खडीसाखर आणून दिली. “घसा बसला का, अप्पा?” अप्पा खडीसाखर तोंडात टाकून मान हलवत. लेकीची सगळ्यात अवघड जागा आपण चार-दोन इंग्रजी वाक्यांत घालवली, हे त्यांच्या छातीवर बसलं होतं.

आधी नक्कीवाल्याचा होकार आला. घरात गोड झालं. नंतर मधल्यानं नकार कळवला, तिथं तर मुलाखतही नव्हती. त्या दिवशी जेवताना अप्पांचा हात ताटातच थांबला.

“मधलंच गेलं, तर अवघडवालं कुठलं येतंय? त्यात मी मधी तोंड घातलं.”

“गेलं तर गेलं,” मंजू म्हणाली. “एक हातात हाय की. पण त्या दिवशी मी चांगली बोलले, अप्पा. ते थोडंच जातंय?”

“खरंच चांगली बोललीस?”

“लई.”

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्या रात्री दुसऱ्यांदा आमटी मागितली.

होकार आला तो भर बाजाराच्या दिवशी सकाळी. मंजू स्कूटी घेऊन थेट दुकानात आली आणि ढिगांमधून वाट काढत अप्पांसमोर उभी राहिली. “अवघडवाल्यांनी घेतलं,” एवढंच म्हणाली. अप्पा सोयाबीनच्या पोत्यावर बसले. उठायला गेले, पुन्हा बसले. मग त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, आणि हमाल, मुनीम, दारात उभे असलेले दोन शेतकरी, सगळ्यांना चहा सांगितला. व्हिसाचं, तिकिटाचं, थंडीच्या कपड्यांचं सगळं पुढं होतं. पण तो दिवस चहाचा होता.

मलप्पा हात जोडत धावत आले. “शरणार्थ, अप्पा! जिंकली की पोरगी! पण एवढं काय बोलली हो त्या बाईसंगं? सांगा की.”

सगळे अप्पांकडे तोंड करून थांबले. पेल्यातला चहा पेल्यात राहिला. त्यांना मुलाखतीतलं, मंजूनंच सांगितलेलं, एक वाक्य तर ठाऊक होतं. एरवी तेवढ्यावर त्यांनी अख्खी सकाळ रंगवली असती. अप्पांनी घसा साफ केला, छाती पुढं काढली, शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे अभिमानानं पाहिलं आणि चार दुकानांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“मला काय इचारता? तिला इचारा. मी तवा बाहेर होतो!”