उचलायचा नसलेला फोन

दवाखान्यात नोकरी करणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. सांगायला बसलं की लोक हसतात, आणि सांगणारा मात्र मध्येच गप्प होतो. निदान माझं तरी तसंच होतं.

मी मुखेडच्या बाजूला एका लहानशा आरोग्य केंद्रात नर्स आहे. बीपी-शुगरचे पेशंट गोळ्या घरी नेतात आणि डब्यात जपून ठेवतात, हे आमचं जुनं दुखणं. म्हणून आम्ही एक रीत पाडली. सकाळी गोळी घेतली की केंद्राच्या मोबाइलवर मिस कॉल द्यायचा. आम्ही तो उचलायचा नाही, फक्त वहीत नावापुढे खूण करायची. दहापर्यंत कॉल आला नाही तर आम्ही फोन लावायचा. एवढंच!

*

किराणा दुकानवाले वीरभद्रअप्पा. रोज सगळ्यात पहिला मिस कॉल यांचा, सहाच्या आत. वहीत एक खाडा नाही. पण तपासायला आले तर बीपी आभाळाला टेकलेलं!

"अप्पा, गोळी घेता ना?"

"घेतो की. पर लिंगपूजा झाल्याबिगर तोंडात काई घालत न्हाई. मग दुकान उघडतो, मग गिऱ्हाईक..."

"मग मिस कॉल सहाला कसा येतो?"

"ते आधीच देऊन टाकतो. मागून गोळी इसरली तर तुमचं काम अडायला नको!"

*

गयाबाईंच्या वस्तीवर रेंज नाही. मिस कॉल द्यायला त्या रोज माळ चढून जायच्या. तीन महिन्यांत शुगर उतरली. डॉक्टर खूश झाले. "बघा आजी, गोळीचा गुण!"

"गोळी तर दोन वर्सं झाली खाऊन राहिले, सायब. ह्यो माळाचा गुन हाय."

आता तिथे टॉवर येणार म्हणतात. गावात सगळ्यांना आनंद झालाय, मला तेवढी काळजी लागलीय.

*

सखूबाईंना मोबाइल जमत नसे. त्यांचे मालक नामदेवराव रोज आठला स्वतःच्या हातानं त्यांना गोळी द्यायचे आणि सखूबाईंच्याच फोनवरून मिस कॉल करायचे. एकदा मी चुकून उचलला.

"उचलला कामून, सिस्टर? उचलल्यावर गोळी वहीत मांडली जात न्हाई!" त्यांनी कट करून परत रिंग दिली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

खरी गंमत म्हणजे नामदेवरावांचं बीपी बायकोपेक्षा जास्त. थोरला भाऊ त्याच बीपीपायी अर्धं अंग लुळं होऊन खाटेवर पडलेला. तरी हे गोळीला हात लावतील तर शपथ!

"मला काय धाड भरली?"

दोघं तपासायला केंद्रात आले की सखूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मला रोज चारतेत. सोताची तशीच डब्यात. ह्यांचं बी नाव वहीत लिवा की, सिस्टर."

"गोळी घेतली तर लिहीन, मावशी," मी म्हणायचे. नामदेवराव हसून पिशवी उचलायचे आणि एसटी गाठायचे. मी किती रागावले असेन, काही उपयोग झाला नाही. त्या माणसाचं काही बरंवाईट होईल अशी मला खरंच भीती वाटायची.

*

यंदा तापाचं निमित्त झालं आणि नांदेडला नेईपर्यंत सखूबाई गेल्या.

मी वही काढून बसले. वर्षभराच्या खुणा, सगळ्या जागच्या जागी. नाव खोडायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मला रडू आलं, सांगायला कसली लाज?

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केंद्राचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर नाव, सखूबाई.

रीतबीत विसरून मी फोन उचलला.

"काका? काय झालं?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नामदेवराव म्हणाले, "उचलला कामून, सिस्टर? आता माझी गोळी कशी मांडणार?"

फोन कट झाला.

लगेच परत वाजायला लागला. मी उचलला नाही.