मामांच्याच शिफ्टला

डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होती. वडिलांच्या युनियनच्या पत्रकांना घड्या घालत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे मालक दिसला की माझ्या कपाळाला आधीच आठ्या पडायच्या. हा मालक सिल्लोडकडचा, शेती राखून धंद्यात उतरलेला. त्यानं लोखंड कापणाऱ्या एका जुन्या मिलिंग मशीनला नव्या मोटारी आणि साधा कॉम्प्युटर जोडून घेतला होता. तो कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम.

कॉम्प्युटर मोटारीला एकेक ठोका पाठवतो आणि दर ठोक्याला ती केसभर फिरते. ठोके वेळेवर पडावे लागतात. हलगीवाला चुकला तर नाचणारा सावरून घेतो, मोटार घेत नाही. ठोका उशिरा पडला की ती अडखळून मागं राहते. कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो, तो पुढं कापत जातो आणि भोक भलतीकडं पडतं.

आमच्याकडं भोकं भलतीकडं पडायला लागली ती फक्त मामांच्या शिफ्टला. मामा म्हणजे बजाजनगरात भाड्यानं राहणारे ऑपरेटर, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. गावाकडं त्यांच्या भावाची मेंढरं होती. दुसऱ्या शिफ्टला मालकाचा भाचा असायचा आणि त्याचा एक तुकडाही वाया जात नव्हता.

"मेंढरं वळणाऱ्याच्या हाती मशीन दिलं, माझंच चुकलं," मालक सगळ्यांसमोर म्हणाला. "शनिवारनंतर येऊ नको."

"मेंढरं लई बरी, मालक," मामा म्हणाले. "वाट चुकली तर वरडतेत तरी."

मी मध्ये पडले. जातीवरून बोलणं बंद करा, चौकशीशिवाय कुणाला काढता येत नाही, असं बरंच काही बोलले.

"ताई, भाषण नको," मालक म्हणाला. "भोक सरळ पाडून दाखवा."

मग मी कॉम्प्युटरवर ठोक्यांचा उशीर दाखवणारी खिडकी उघडी ठेवली आणि दोन्ही शिफ्टना तिथंच बसले. प्रोग्राम तोच, कटर तोच. भाच्याच्या वेळी आकडा शांत होता. मामांच्या वेळी तो मधूनच उडायचा. एकदा आकडा उडाला तेव्हाच वर्कशॉपवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या प्रोग्रामवर 'कुणीतरी पाहत आहे' अशी खूण दिसली. कॅमेरे बसवणाऱ्यानं वेगळं यंत्र वाचवण्यासाठी तो प्रोग्राम याच कॉम्प्युटरवर टाकला होता. एकाच डब्यात दोन्ही भागतं, म्हणून मालकही खूश होता. पण तो प्रोग्राम कुणाच्या फोनवर चित्र पाठवायला लागला की कॉम्प्युटरला ठोके वेळेवर पाठवायला जमत नव्हतं.

शुक्रवारी मी मालकाला मशीनपाशी बोलावलं. मामांनी तुकडा लावला.

"आता फोनवर मामांना बघा."

त्यानं फोन उघडला. मोटार कण्हली आणि भोक बाजूला गेलं. फोन बंद करून दुसरा तुकडा लावला, तो बरोबर आला. मालकाचा विश्वास बसेना. त्यानं स्वतःच दोनदा करून पाहिलं.

"भाच्याच्या शिफ्टला कधी फोन उघडला होता?" मी विचारलं.

"त्याला काय बघायचं?" तो म्हणाला आणि त्यानं फोन खिशात घातला.

मला त्याच्याकडून माफी हवी होती, तीही त्या बोलण्यासारखीच सगळ्यांसमोर. मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, "कॅमेरा दुसऱ्या डब्यावर घालतो. मामा, सोमवारी या."

"येतो की," मामा म्हणाले. "पन तो डबा येईस्तोवर माझ्या शिफ्टला इथं येऊन बसा. काय बघायचं ते समोरून बघा."

दुसरा कॉम्प्युटर यायला वेळ लागला. तोवर मालक रोज प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायचा. पहिल्या दिवशी मामांनी त्याला तुकडा पुसायचं फडकं दिलं आणि त्यानं ते घेतलं.