मार्थामावशी आणि माझं पाप

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत मनातल्या मनात पापं कबूल करायला पाळकसाहेब एक मिनिट देतात. त्या मिनिटाच्या बाबतीत मार्थामावशी फार कडक होती. मिनिट संपलं आणि कुणाचे डोळे अजून मिटलेले दिसले, की मागच्या बाकावरून त्याच्या पाठीत तिचं बोट टोचायचं. "आटप की रे. देवाला दुसरी लोकं न्हाईत व्हय?" उमरीच्या आमच्या मंडळीत हे बोट सगळ्यात जास्त वेळा माझ्याच, म्हणजे शाळामास्तराच्या, पाठीला लागलं.

तरुणपणी मावशी खेडोपाडी पायी फिरून बायांना शास्त्र सांगायची. आता तिनं पंचाहत्तरी ओलांडली होती. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळे माझ्या घरातलं तिला सगळं ऐकू यायचं, आणि काय ऐकू येत नाही तेही कळायचं.

सुलोचनाचा आणि माझा घटस्फोट झाला त्याला सहा वर्षं झाली. दोघांच्या संमतीनं झाला. व्यभिचार कुणाचाच नव्हता आणि तेच माझ्या जिवाला लागलं होतं. तो असता तर शास्त्रात घटस्फोटाला निदान एक वाट तरी होती. देवानं जोडलेलं मी विनाकारण तोडलं होतं. कुणी पाहुणा उपदेशक आला की मी त्याला गाठायचो. नांदेडचे म्हणाले, पाप आहे. लातूरचे म्हणाले, पाप आहे पण क्षमाही आहे. उदगीरच्या सभेत एका तरुण पाळकानं सांगितलं, पाप नाही, दुःख आहे. तेव्हा मला त्याचाच संशय आला.

मावशी म्हणाली, "किती डाक्टर बदलून राहिला, मास्तर? गोळी तर येकाची बी खाईना."

आमच्याकडे येशूच्या आठवणीचं प्रभुभोजन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायची आपली लायकी नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. पण तबक समोर आल्यावर हात मागे घेतला तर सगळ्यांना दिसणार. म्हणून त्या वेळी मी बाहेर पायरीवर बसून लोकांच्या चपला राखायचो. कुत्री पळवतात, असं कारण सांगितलं होतं. हळूहळू माझी नम्रता गाजली. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात माझा दाखला दिला. तो मी बाहेर बसूनच ऐकला. एका पापावर खोटेपणाचं दुसरं चढलं.

एका रविवारी भोजन घेऊन मावशी बाहेर आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"मास्तर, या गल्लीत कुत्रं कुठं हाय?"

मी समोरची एक चप्पल सरळ केली. मग न राहवून म्हणालो, "मावशी, तुम्ही तरी सांगा. घटस्फोट पाप आहे का?"

"हाय."

इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मला चक्क हलकं वाटलं. ते तिला दिसलं असावं.

"लई खूश होऊ नको. तू नुसत्या कागदाला पाप म्हणून राहिला. कागद तर शेवटाला आला. त्याच्या आधी चार साल तू त्या पोरीशी धड बोलला न्हाईस. मीठ कमी पडलं, अबोला. माहेरी दोन दिस जास्ती राहिली, अबोला. मला भिंतीपल्याडून नुसती भांडी ऐकू यायची. तवा तर पुढच्या बाकावर बसून दर महिन्याला भोजन घेतलास. तवा कुत्री न्हवती व्हय?"

मी म्हणालो, "देवाकडे रोज माफी मागतो, मावशी."

"देवाशी अबोला धरला व्हतास का? जिच्याशी धरलास तिच्याशी जाऊन बोल."

सुलोचना बिलोलीला नर्स आहे. मी गेलो तेव्हा दवाखान्यामागच्या लिंबाखाली ती डबा खात होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गप्प बसून मी तुला शिक्षा केली, घर मी मोडलं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"एवढं सलग बोलताना तुम्हाला पहिल्यांदाच ऐकतेय. परत न्यायला आला असाल तर मी येणार नाही."

"त्यासाठी नाही आलो."

"मग ठीक. केलं माफ. आता जा, माझी ड्युटी आहे."

पुढच्या पहिल्या रविवारी मी आत बसलो. तबक आलं. भाकर घेतली, पेला घेतला. रिकामा पेला तबकात परत ठेवला. उपासना सुटल्यावर मावशीला दारातच गाठून बिलोलीची हकीकत सांगितली आणि शेवटी तिच्याच बोलीत म्हणालो, "लई बरं वाटलं, मावशी."

"तुला बरं वाटाया गेला व्हतास व्हय?" चपलेत पाय घालता घालता ती म्हणाली. "तिला वाटलं का?"

ते मी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मावशी झोपेतच गेली. मातीला सुलोचना बिलोलीहून आली होती. नांदत होती तेव्हा मावशीनं तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. कबरीत मूठमूठ माती टाकायला रांग लागली, त्यात ती माझ्या पुढेच होती. मी हळूच विचारलं, "त्या दिवशी मी येऊन बोललो, तुला बरं वाटलं का?"

तिनं मूठ उघडली, माती पडू दिली आणि पदराला हात पुसले.

"तेव्हा नाही," ती म्हणाली. "आता विचारलंत, तर थोडं."