टो-बॉलवरचं कुंकू

स्वोर्ड्स गावातले आमचे शेजारी, आयरिश काका, प्रत्येक गोष्टीला ‘ग्रँड’, म्हणजे ‘झकास’, म्हणतात, वाईट बातमीलाही. गाडीमागे ओढायची आमची जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मोटरवेवर वाऱ्याने शेपटीसारखी डुलली, तेव्हापासून बायको सहलीचं नाव काढू देत नव्हती. काकांनी कॅरॅव्हॅन गाडीला जोडणारा हिच वाकून पाहिला. “ग्रँड. हा हिच टाकून द्या.”

शनिवारी त्यांनी नवा हिच आणि डुलणं रोखणारा स्टॅबिलायझर बसवला. काम करताना ते बोल्टशी बोलतात, माणसांशी नाही. ते हात धुवायला गेले, तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या आईने आमच्या गाडीमागच्या चकचकीत टो-बॉलला, म्हणजे हिच अडकवायच्या गोळ्याला, तेलात कालवलेलं कुंकू लावलं.

काका परतले आणि थबकले. “स्टॅबिलायझर या गोळ्याला आवळून धरतो. तेल लागलं की पकड गेली,” असं मला सांगत त्यांनी स्पिरिटच्या फडक्याने गोळा लख्ख पुसला. आईचा चेहरा उतरला. तो त्यांना दिसला असावा. त्यांनी तिच्या वाटीत स्वतःचं बोट बुडवलं आणि कॅरॅव्हॅनच्या दाराशेजारी जाडजूड, वाकडा टिळा ओढला.

“इथे ग्रँड.”

रविवारी बायको आपणहून गाडीत बसली. कोपऱ्यावर वळताना काकांची जुनी व्हॅन दिसली. तिच्या बॉनेटवरही तसाच टिळा होता, जाडजूड आणि वाकडा.