लाल शाई नको

जेवण अंगावर येतं आणि रघुवीर मास्तरांचा आरामखुर्चीत डोळा लागतो न लागतो, तोच शेजारी मटार सोलल्याचा आवाज येतो. गेल्या वर्षी वारलेल्या उमाबाई, त्यांची बायको, सुपात शेंगा घेऊन बसलेल्या.

उमाबाईंना कोरियन मालिकांचं भारी वेड. साठीत त्या ती लिपी शिकल्या. आता मास्तर शिकताहेत आणि नाकी नऊ आलेत. जन्मभर पोरांकडून बाराखडी घोटून घेतलेल्या माणसाची ही गत!

"माझं नाव लिहा बघू," त्या म्हणतात. "तेवढं बघते आणि जाते."

"आणि नाहीच लिहिलं तर?"

"तरी जायचंच आहे हो. आधी गोल काढा. तो मुका असतो. त्याखाली आडवी रेघ, रेघेला खाली एक पाय."

"चौकोन कुठे गेला?"

"तो पुढच्या अक्षरात. पालथ्या घड्यावर पाणी!"

मास्तर खिशातलं पेन काढतात.

"लाल नको! तिकडे लाल शाईनं मेलेल्याचं नाव लिहितात."

"आपल्याकडे कुंकवानं श्री काढतात."

"पण लिपी त्यांची ना?"

मास्तरांचा हात थांबतो. लाल शाईनं तर ते मुळीच लिहिणार नाहीत. ते टेबलाचा खण उघडतात. वह्या तपासायची लालच पेनं. दुसरा खण शाळेतला, त्यातही लालच. फळ्यापाशी खडू उचलतात, तो लाल उमटतो. एसटी स्टँडच्या खिडकीत कंट्रोलरसमोर हात पसरतात, "साहेब, निळं पेन द्या हो." तो देतो ते निळं दिसतं आणि लाल चालतं.

गाडी सुरू झालेली असते. उमाबाई खिडकीशी, मांडीवर सूप.

"उमे, थांब! मिळेल कुठेतरी."

"लिहा आता. काय फरक पडतो?"

"मला पडतो गं."

त्या खिडकीतून हात बाहेर काढतात, मास्तरांचा पेनाचा हात धरतात आणि त्यांच्याच डाव्या तळव्यावर फिरवतात. मास्तर हात ओढून घेऊ बघतात, पण अंगात बळच नसतं. पहिलीतलं पोर गिरवतं तसे ते गिरवत राहतात.

जाग येते. दारात ऊन तसंच आहे. डाव्या तळव्यावर दोन अक्षरं आहेत, लाल, ठसठशीत. इतके दिवस अडखळणाऱ्या मास्तरांना ती पहिल्या नजरेत वाचता येतात.

"उमा," ते मोठ्यानं वाचतात.

स्वयंपाकघरातून ओ येत नाही.