खंडेनवमीचं लिंबू

"मनगट दे इकडं."

तालमीच्या उंबऱ्यात नवं पोर आलं की वस्ताद आधी एवढंच म्हणायचे. नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. पोराचं मनगट चिमटीत धरायचे आणि वैद्यासारखे डोळे मिटून उभे राहायचे. सोबतच्या बापाला वाटायचं, ताकद बघताहेत. तो घाईघाईनं सांगायचा, "रोज शेरभर दूध पितोय, वस्ताद." वस्ताद डोळे न उघडता म्हणायचे, "दूध कळतंय. हात थांबंल का, ते बघतोय."

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. सगळे त्याला ओळखतात आणि त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. आमचे वस्ताद पन्नाशी उलटलेले, काटक, पांढऱ्या मिशांचे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हिरीवर मोटंच्या नाड्यात गेली." पुढे कोण काय विचारणार?

मी मूळची समुद्राकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन घाट चढून नगरला आले. माळीवाड्याच्या बाजूला एका खोलीत संसार. आमचे हे एका कारखान्यात फिटर, त्यांचं गाव तिसगावच्या पलीकडे. वस्तादही त्याच भागातले, म्हणून मला सूनबाई म्हणायचे. माहेरचं पत्र यायला आठ दिवस लागायचे. अशा ठिकाणी कुणी सूनबाई म्हटलं तर किती बरं वाटतं, ते घर सोडून आलेल्यालाच कळेल.

आमचा सदा आठ वर्षांचा झाला आणि ह्यांनी त्याला तालमीत घातलं. लाठीकाठी आणि पुढे दांडपट्टा. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात आत जाईल असं लोखंडी खोबळं आणि पुढे लवलवतं लांब पातं. पोरांसाठी वस्तादांनी लहान पट्टे करून घेतले होते.

संध्याकाळी आम्ही आयाबाया रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसायचो आणि बाप लोक तालमीच्या भिंतीला चिकटून उभे राहायचे. एका शिंप्यानं तर पोराच्या नडगीवरचा काळानिळा वळ दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवला होता. दुसऱ्या दिवशी दुसरा बाप आपल्या पोराचा दंड उघडा करून आला. वस्ताद वैतागले. "बाप लोकांनी भिंतीच्या पल्याड जावा. म्या पोरं घेतल्यात शिकवायला, तुमास्नी न्हाई."

त्यांचा पहिला धडा मारायचा नव्हता, थांबायचा होता. विटेवर पापड ठेवायचा, काठी जोरात आणायची आणि पापडाच्या बोटभर वर रोखायची. पापड मोडला की मोडणाऱ्यानं खायचा. पोरं पहिल्याच दिवशी सगळे पापड मोडून बसली. तेव्हापासून विटेवर मातीची पणती आली. महिनोन्‌महिने हेच. गल्लीत कुणी लाडवाच्या डब्यात हात घातला तरी आया विचारायच्या, "थांबतो का रे हात?"

तालमीत एक जुनी रीत होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ज्यांचा हात बसला आहे ती पोरं आपल्या बापाच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं कापायची. लिंबू दोन फाकांत पडायचं, तळहाताला ओरखडा नाही. बाप उठून चौफेर हात दाखवायचा. वर्षभर ती गोष्ट पुरायची. कुणाला उभं करायचं ते वस्ताद ठरवायचे, आणि एका वर्षी दोन-तीन पोरांच्या वर नाही.

सदाला तालमीत दुसरं वर्ष लागलं तेव्हा ह्यांनी वस्तादांना विचारलं, औंदा आमच्या सदाला उभं करता का? वस्ताद म्हणाले, "पुढल्या साली बघू." ह्यांनी ते मनावर घेतलं. कारखान्यातल्या सोबत्यांना आधीच सांगून बसले होते. मग एका संध्याकाळी सगळ्या बापांदेखत म्हणाले, "हात माजा, पोरगा माजा. भ्या वाटत आसंल तर तसं सांगा." वस्तादांनी मान खाली घातली. तो होकार धरला गेला.

त्या दिवसापासून सदाचं जेवण तुटलं. मी आधी उन्हाचं समजले. मग लक्षात आलं, बापानं घास पुढे केला की हा तोंड फिरवतो. एकदा भाकरी थापताना मागे येऊन हळूच म्हणाला, "आई, बाबांचा हात हलला तर?" मी म्हटलं, "नाही हलणार." तो म्हणाला, "माझा हलला तर?"

मी भित्री बाई. ह्यांनी कधी हात उगारला नाही, पण एकदा अबोला धरला की महिना महिना. त्यांना सांगायची छाती झाली नाही. अष्टमीच्या दुपारी तालमीपाशी गेले. बायका आत जात नाहीत, म्हणून उंबऱ्याशीच उभी राहिले. वस्ताद मांडीवर लहान पट्टा घेऊन पात्याचे खिळे ठोकत होते. मला पाहून त्यांनी पातं दोन्ही हातांनी ओढून दाखवलं. "हत्ती लटकला तरी हलायचं न्हाई, सूनबाई. काळजी करू नगा."

मी सदाचं सांगितलं. हातोडी थांबली. त्यांनी ती खाली ठेवली. मग डावा हात माझ्यासमोर धरला.

"हे मोटंनं न्हाई गेलं," ते म्हणाले. "माज्या पोरानं. नववं वरीस हुतं त्याला. गावात हीच रीत. लोकं बघत हुती, मला लई हौस. पोरगं म्हनलं, आप्पा, आज नगं. म्या म्हनलं, मार."

मी पदर तोंडाला लावला.

"बोटांचं काय न्हाई वो. दोन बोटांबिगर मानूस जेवतो. पर पोरगं माज्यासमोर जेवंना. मी ताटावर बसलो की त्ये उठायचं. हाताला फडकं गुंडाळून बगितलं, तरीबी न्हाई. बाराव्या वर्षी निगून गेलं. कुनी म्हनतं सुरतंला हाय."

"मग ही रीत बंद का करत नाही?" मी विचारलं.

"बंद केली तर का म्हनून इचारत्याल. त्ये सांगाया तोंड न्हाई मला." त्यांनी पट्टा बाजूला ठेवला. "म्हून मनगट बगतो. ज्याचा हात थांबतो त्यालाच उभा करतो. तुमच्या सदाचा थांबतो. पर आता त्याला भ्या शिवलंय."

"मी आले होते हे ह्यांना…"

"तुमी आलाच न्हाई," वस्ताद म्हणाले.

खंडेनवमीला हे नवा सदरा घालून तालमीपुढच्या अंगणात गेले, आम्ही बायका नेहमीच्या ओट्यावर. कारखान्यातले सात-आठ सोबती आले होते. दोन पोरांची लिंबं कापून झाली, टाळ्या झाल्या. मग हे पाटावर बसले, हात पुढे केला, लिंबू ठेवलं. सदा पट्ट्यात हात घालून उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. बघणाऱ्या लोकांना ते दिसलं नसेल. मला ओट्यावरून दिसत होतं.

वस्ताद पुढे आले. पोराच्या हातातून पट्टा काढला, उन्हात धरला, पातं अंगठ्यानं दाबलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पातं हलतंय. खिळा ढिला ऱ्हायलाय. माजी चूक. आता न्हाई."

आधी कुणाला समजेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, "खंडेनवमीला हत्यार ढिलं? मग पूजा कशाची केली, वस्ताद?" लोक हसले. ज्या दिवशी वाणी तराजू घासतो, सुतार करवत ओवाळतो, त्या दिवशी तालमीच्या वस्तादाचं हत्यार ढिलं निघावं, याहून मोठी नाचक्की त्या धंद्यात नाही.

"दुसरा पट्टा आना की," हे पाटावरूनच म्हणाले.

"समदे मीच बसवल्यात," वस्ताद म्हणाले. "आज माज्या हाताचा भरवसा न्हाई."

हे उठले, लिंबू मातीत टाकलं. "माज्या पोराची पाळी आली तवाच बरा खिळा ढिला झाला."

वस्तादांनी पट्टा फडक्यात गुंडाळला. एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही. त्या गर्दीत खिळा पक्का होता हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक मी. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाकीच्या बायकांबरोबर घरी आले.

त्या रात्री सदा बापाच्या ताटात जेवला.

पुढे ओट्यावर रोज तेच बोलणं. ढिल्या हत्यारावर पोर सोपवायचं कसं? शिंप्यानं मुलगा काढला. मग एकेक करून सगळ्यांनी काढले, आमचा तर दुसऱ्याच दिवशी. मी रोज ठरवायची, आज सांगते. एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे पोरगा घाबरला होता हे सांगायचं, मी चोरून गेले होते हे सांगायचं. माहेर घाटाखाली, आणि ह्यांच्याशिवाय मला इथे होतं कोण? संक्रांतीच्या सुमाराला तालमीला कुलूप दिसलं. तेव्हा वाटलं ते खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. त्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ. सासरे आजारी म्हणून आम्ही तिघं एसटीनं गावाकडे निघालो. तिसगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होतं. दोन्ही बाजूंना माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती, बाया, म्हातारे, सगळे डोक्याला फडकी बांधून. समोरून ट्रक आला म्हणून गाडी हळू झाली. सगळे वाकून बसले होते. एकच माणूस ताठ बसला होता.

सदा खिडकीशी होता. म्हणाला, "आई, वस्ताद."

"कोन?" हे पलीकडून म्हणाले.

माणसानं मान वर केली नाही. हातोडी वर जात होती, खाली येत होती. दगड धरलेल्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. गाडी इतकी हळू होती, की हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"कुणी नाही," मी म्हटलं. "दुसराच कुणीतरी आहे."

सदानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धूळ येतेय असं म्हणाला आणि त्यानं खिडकी ओढून घेतली.